पोतोसीचें रुपें व सरोवरांतील गाळ

बोलिव्हियांतील पोतोसीच्या डोंगराचें रुपें इ. स. १५४५ मध्यें दिएगो वाल्पा नामक तद्देशीय मनुष्यास प्रथम सांपडलें. तत्पूर्वीं इंका राजा वायना कापाक खणूं लागतांच 'हें रुपें दुसऱ्यांसाठीं आहे' अशी वाणी झाली, अशी स्पॅनिश ग्रंथांतली कथा आहे. बखरी चाळलेल्या वाचकांस असल्या वाणीचें प्रयोजन सांगावयास नको.

या कथेस मार्क अ‍ॅबट व अलेक्झांडर वुल्फ यांच्या २००३ सालच्या निबंधांत उत्तर मिळतें. पोतोसीजवळील लोबातो सरोवराच्या तळचा गाळ त्यांनीं थरवार तपासला. भट्टीच्या धुराबरोबर शिसें, अँटिमनी, बिस्मथ, रुपें, कथील हीं पाण्यांत उतरतात व गाळाखालीं दडपून राहतात. इंकांच्या कित्येक शतकें आधींच्या थरांतही हे धातु वाढलेले आढळले. या गाळावर कोणा कारकुनाचा हात फिरलेला नाहीं. त्याची साक्ष आम्हांस कथेहून वरचढ वाटते.

परंतु धुरावरून डोंगरावरील अग्नीचें अनुमान करणाऱ्या नैयायिकास डोंगर समोर दिसत असतो. येथें धूर हातीं आहे, डोंगर ठरावयाचा आहे. पोतोसीपासून फार दूर नसलेल्या पोर्को येथेंही रुप्याच्या खाणी असून त्या इंकांनीं चालविल्या होत्या. तेव्हां या प्रदेशांत भट्ट्या पेटत होत्या एवढें सिद्ध झालें. पोतोसीचाच डोंगर खणला जात होता, हें मात्र गाळांतील शिसें दोन्ही ठिकाणच्या खनिजांशीं जुळवून पाहिल्याविना आम्ही मान्य करणार नाहीं.