चढाला दम धरंना

‘गाडी वढंना झालीय, मिस्त्री. चढाला दमच धरंना.’ मुरुडच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात जुन्या पिकअपचा मालक एवढंच बोलतो, आणि ह्या तक्रारीपाशीच आपण थोडं रेंगाळावं, इतकी ती नेमकी आहे. गाडी बंद पडलेली नाही. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, गिअर पडतात, दिवे लागतात. नाहीसं झालं आहे ते फक्त बळ. तुटलेला पाटा डोळ्यांना दिसतो, फुटलेला रेडिएटर जमिनीवर पाणी सांडून आपली कहाणी सांगतो. पण ओसरलेल्या शक्तीला ना रंग, ना आकार, ना ठिकाण. डिझेलच्या टाकीपासून सायलेन्सरच्या तोंडापर्यंत ती कुठेही हरवलेली असू शकते. म्हणूनच जाणत्या मिस्त्रीने केलेलं तिचं निदान मला एखाद्या उत्तम रचनेसारखं आस्वादावंसं वाटतं.

हे मुरुड लातूर जिल्ह्यातलं, लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्रकाठच्या मुरुड-जंजिऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. इथला माल ढोकी, येडशीवरून बार्शीला उतरतो आणि तिकडून भरलेली गाडी परत बालाघाटच्या पठारावर चढते. पांगरी मागे पडली की रामलिंगाच्या रानाकडचा येडशीचा घाट समोर येतो, आणि गाडीच्या अंगात किती पाणी आहे ते तिथे कळतं. सपाट रस्त्यावर दुबळं इंजिनही आपला दुबळेपणा झाकून नेतं. चढ आणि हौद्यातली पोती मिळून तो उघडा पाडतात.

मिस्त्री बॉनेटला हात लावत नाही, ह्यात पहिलं सौंदर्य आहे. तो विचारतो, ‘रिकामी कशी पळती?’ ‘रिकामी झकास.’ ‘घाटात रेस वाढती आन गाडी तिथंच ऱ्हाती, आसं होतं का?’ ‘न्हाई, रेसच वाढंना. तिसऱ्यावर बसती, दुसरा टाकावा लागतो.’ ह्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण नीट पाहू. इंजिन गुरगुरत वर चढलं असतं आणि चाकं मागे राहिली असती, तर दोष क्लचप्लेटचा होता. बळ निर्माण होत होतं, पण वाटेत निसटत होतं. रेसच वाढत नाही म्हटल्यावर क्लच दोषमुक्त झाला, आणि तोही एक नट न सोडवता. मग तो चारही चाकांजवळ जाऊन ड्रमपाशी तळहात धरतो. एखादा ब्रेक धरून राहिला असता तर ते चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं असतं. चारही सारखीच कोमट. बिचारं इंजिन कुणा चिकटलेल्या ब्रेकशी झुंजत नव्हतं, हेही ठरलं.

त्यानंतरचा प्रश्न एका शब्दाचा. ‘धूर?’

‘काळा. मागच्या गाडीला रस्ता दिसंना एवढा.’

आपल्या न्यायशास्त्राने अनुमानाचा आदर्श म्हणून पर्वतावरचा धूर निवडला: पर्वतावर धूर दिसतो, म्हणजे तिथे अग्नी आहे. येडशीच्या घाटातला हा धूरही पर्वतावरचाच, पण मिस्त्रीचं अनुमान एक पाऊल पुढे जातं. अग्नी आहे हे त्याला ठाऊकच आहे. त्या अग्नीला काय कमी पडलं, हे तो धुराच्या रंगावरून सांगतो. पांढरा धूर असता तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे टायमिंग मागे गेलं असेल, नॉझल गळत असेल; नाहीतर हेडगॅस्केटमधून आत शिरलेल्या पाण्याची ती वाफ असेल. निळसर धूर असता तर ऑइल जळतंय, रिंगा झिजल्या असतील. आणि धूरच नसता, गाडी नुसतीच मंदावत गेली असती, तर डिझेल पोहोचत नाही: टाकीतली जाळी, फिल्टर, पाइपात धरलेली एअर. काळा धूर मात्र सांगतो की डिझेल भरपूर आलं, ते जाळायला हवा पुरली नाही. ह्या एका रंगाने पंप, फिल्टर आणि टाकीपर्यंतची लांबलचक वाट जवळजवळ चौकशीबाहेर गेली.

हे असं का, ते समजलं की आस्वाद दुणावतो. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली आऊग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्यात ठिणगी नाही. हवाच इतकी दाबायची की तिच्याच उष्णतेने इंधन पेटावं. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं, तीच गोष्ट अठरा-वीस पट दाबलेल्या हवेत अशी वाढते की तापमान पाचशे अंशांच्या पलीकडे जातं. ह्या जुन्या इंजिनांत ॲक्सिलेटरच्या पायाने हवा कमीजास्त होत नाही. हवा प्रत्येक दमाला मिळेल तेवढी आत येते, पाय फक्त डिझेल वाढवतो. म्हणून घाटात ड्रायव्हर पाय दाबत जातो, पंप इमानाने डिझेल देत जातो, आणि हवा कमी पडली की ते वाढीव डिझेल बळ होण्याऐवजी काजळी होऊन बाहेर पडतं. त्याच 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत छोटी बार्शी लाइट रेल्वे धावू लागली आणि पुढे 1911 मध्ये ती लातूरला पोहोचली. ह्याच पठारावर तेव्हा वाफेने माल चढवला. घाट त्या इंजिनांनाही सोपा नव्हता. आज त्याच मालाची पोती डिझेल ओढतं, हा योगायोग मला फार आवडतो.

आता बॉनेट उघडतं. मालकाला आत बसवून ॲक्सिलेटर पूर्ण दाबायला सांगायचं आणि पंपाचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का पाहायचं, हे क्षणाचं काम; टेकतो. मग एअर फिल्टर. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, उसाच्या ट्रॉल्यांमागे उठणारा फुफाटा, काळ्या रानाची बारीक माती, सगळा लातूर जिल्हा त्या कागदाच्या घड्यांत येऊन बसलेला. मिस्त्री फिल्टर उन्हाकडे धरतो. उजेड जेमतेम झिरपतो. दुसरा कुणी इथेच थांबला असता. दोष सापडला, नवा फिल्टर टाकला, पैसे घेतले. हा थांबत नाही. ‘फिल्टर बदलायचाच हाय, पर एवढ्यानं एवढा धूर न्हाई.’ सापडलेलं कारण परिणामाला पुरेसं आहे का, हे तोलून पाहणारी ती दृष्टी! ह्या साऱ्या निदानात मला सर्वांत सुंदर वाटते ती हीच जागा, कारण खऱ्या पण अपुऱ्या उत्तराचा मोह आवरणं खोट्या उत्तराला नाकारण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं.

हवेची वाट पुढे टर्बोत जाते. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूनेच एक चक्र फिरवावं आणि त्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबावी, ही आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस अभियंत्याची 1905 सालच्या पेटंटातली कल्पना. बोटाएवढ्या दांड्यावरचं ते चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतं, आणि तिथून दाबलेली हवा एका जाड रबरी होजमधून इंजिनाकडे जाते. मिस्त्री त्या होजवरून बोटं फिरवत जातो. वरून रबर धडधाकट दिसतं. खालच्या बाजूला, क्लिपेच्या अगदी कडेला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी त्याचं बोट थबकतं. बोट बाहेर येतं ते काळं आणि तेलकट. टर्बोतून हवेबरोबर ऑइलचा किंचित अंश वाहत असतो; जिथून हवा निसटते तिथे तो बाहेर ओलावतो, त्यावर धूळ बसते, आणि भेगेने स्वतःच काढलेली एक काळी रेघ उमटते. दोन्ही अंगठ्यांनी तो होज वाकवतो, तशी ती भेग ओठ विलग करते.

आता मागे वळून पाहिलं की प्रत्येक लक्षण आपापल्या जागी कसं बसतं ते पाहा. रिकामी गाडी झकास, कारण हलक्या कामात टर्बो फारसा दाब भरतच नाही आणि भेग मिटलेली राहते. गॅरेजात उभ्या गाडीची कितीही रेस केली तरी दोष दिसत नाही तो ह्यामुळेच. चढावर, पोती भरलेली असताना, दाब वाढतो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी भेग उघडून हवा रस्त्यावर सांडते. जेवढा पाय दाबावा तेवढी काजळी. मालक नंतर सांगतो, घाटात काच खाली असली की फुस्स असा आवाज यायचा, वाटलं वारं असंल.

नव्या गाड्यांना स्कॅनर लावला की दाब कमी असल्याचा कोड पडद्यावर येतो, आणि ती सोय मोठीच आहे. पण कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो, क्लिपेखालची भेग शोधायला शेवटी बोटच घालावं लागतं. ह्या पिकअपला तर तो पडदाही नाही. तिचा पंप कॅलिब्रेशनला लातूरला गेला नाही, नॉझल उतरले नाहीत, हेड उघडलं नाही. इंजिन मिसिंग मारत असतं तर मिस्त्रीने एकेका नॉझलचा नट ढिला करून आवाज ऐकला असता, आणि ज्या सिलिंडरचा नट सोडल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही तोच आजारी, असं ओळखलं असतं. तीही ऐकण्यासारखी मैफल, पण इथे तिची गरज नव्हती.

नवा होज आणि नवा फिल्टर बसल्यावर त्याने ऑइलचं झाकण काढून चालू इंजिनावर तळहात धरला, खालून वाफेचा जोर येत नाही ना ते पाहिलं, आणि मगच रिंगांबद्दल निश्चिंत झाला. गाडी नीट झाली असं मात्र तो म्हणाला नाही. रिकाम्या गाडीची रस्त्यावर चक्कर मारायलाही त्याने नकार दिला, कारण रिकामी ती आधीही पळतच होती. ‘माल भरून घाट चढून या,’ तो म्हणाला, ‘आन दोन-तीन खेपा झाल्या की क्लिपा आवळायला या. नवं रबर तापून बसतंय, क्लिप ढिली पडती.’