९७ टक्के इंटर्न काय सांगत नाहीत? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

समुपदेशन केंद्रातल्या इंटर्नच्या प्रशिक्षणावर संशोधन करायचं ठरवलंत, तर एक आकडा तुम्हाला लवकरच भेटेल: ९७.२ टक्के. इतके प्रशिक्षणार्थी सुपरवायझरपासून काही ना काही राखून ठेवतात. निकोलस लॅडनी, क्लारा हिल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा हा अमेरिकेतला पेपर १९९६ मध्ये ‘जर्नल ऑफ काउन्सेलिंग सायकॉलॉजी’त आला. तो आकडा प्रस्तावनेत टाकला की समस्या सिद्ध झाली, असं आपल्याला वाटतं. पण तो नक्की काय सांगतो?

आधी प्रश्नाचं गांभीर्य बघा. विद्यापीठाच्या केंद्रात इंटर्न बंद दाराआड विद्यार्थ्याशी बोलतो. सुपरवायझर बहुतेक वेळा तिथे नसतात; नंतर इंटर्न जे सांगेल त्यावर ते सल्ला देतात. अमेरिकेत एपीएची मान्यता असलेल्या पूर्णवेळ इंटर्नशिपमध्ये आठवड्याला किमान ४ तास सुपरव्हिजन लागतं, त्यातले किमान २ तास वैयक्तिक. पण समजा, एखादी विद्यार्थिनी उठता उठता म्हणाली, “आता कशातच अर्थ वाटत नाही.” इंटर्नने पुढे विचारलं नाही आणि सुपरव्हिजनमध्येही ते वाक्य गाळलं. तासांची नोंद पूर्ण, आणि धोका त्या मुलीला.

पेपरची जमेची बाजू मोठी आहे. १०८ प्रशिक्षणार्थींना फक्त ‘लपवलं का’ असं न विचारता काय, का आणि कसं हेही विचारलं. सुपरवायझरबद्दलची नाराजी, खासगी अडचणी, सत्रातल्या चुका, मूल्यमापनाची काळजी हे विषय वर आले. बहुतेकांनी खोटं सांगितलेलं नव्हतं; विषय निघाला नाही आणि त्यांनीही काढला नाही. तीच गोष्ट त्यांनी बहुतेक वेळा त्याच क्षेत्रातल्या सहकाऱ्याला किंवा मित्राला मात्र सांगितली होती. तुमचं आठवा ना. प्रयोग दोन आठवडे फसतोय, हे आधी गाईडना कळतं की लॅबमधल्या मित्राला?

आता अडचणी.

पहिली, मोजण्याची. ‘किमान एक गोष्ट सांगितली नाही’ एवढ्यावर माणूस ९७ टक्क्यांत जातो. न सांगण्याच्या कारणांत ‘महत्त्वाची वाटली नाही’ हेही ठळक आहे. म्हणजे सुपरवायझरांची बोलण्याची पद्धत आवडत नाही हे न सांगणारा आणि गंभीर चूक दडवणारा, दोघे एकाच रकान्यात. २०१० मध्ये लॅडनी यांच्याच सहभागाने झालेल्या दुसऱ्या अभ्यासात २०४ प्रशिक्षणार्थींना फक्त एका सुपरव्हिजन सत्राबद्दल विचारलं, तेव्हा आकडा ८४.३ टक्के आला. चौदा वर्षांत इंटर्न प्रामाणिक झाले, असा याचा अर्थ लावू नका. प्रश्न वेगळा होता, विचारलेली माणसंही वेगळी होती.

दुसरी, माहितीच्या स्रोताची. सगळं प्रशिक्षणार्थीच्या आठवणीतून आलंय. जी चूक त्याच्या लक्षातच आली नाही, ती या मोजणीत येणारच नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. सत्र मराठीत होतं, नोंदी इंग्रजीत. विद्यार्थी म्हणतो “जीव घाबरा होतो”, नोंदीत येतं ‘अँग्झायटी’. इंटर्नने काहीच लपवलेलं नाही, तरी विद्यार्थ्याचं म्हणणं वाटेत हरवलं. कुठलीही प्रश्नावली भरून घेतली तरी हे सापडणार नाही.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समुपदेशन घेणारी व्यक्ती या अभ्यासात नाहीच. न सांगण्याचा संबंध सुपरवायझरांच्या शैलीशी आणि प्रशिक्षणार्थीच्या समाधानाशी जोडलाय. पण नातं बिघडलं म्हणून बोलणं थांबलं की बोलणं थांबल्याने नातं बिघडलं, हे एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून ठरत नाही. आणि त्यामुळे समोरच्या विद्यार्थ्याचं नुकसान झालं का, यावर हा पेपर काहीच दाखवत नाही. तो उद्धृत करणारे मात्र अनेकदा तेच गृहीत धरतात.

मग तुम्ही काय कराल? संमती घेऊन सत्रांचं रेकॉर्डिंग मिळत असेल, तर सत्रात घडलेलं आणि सुपरव्हिजनमध्ये सांगितलेलं शेजारी ठेवून तपासा. एपीएच्या आजच्या निकषांतही इंटर्नचं मूल्यमापन थेट निरीक्षणावर काही अंशी तरी आधारलेलं असावं लागतं. रेकॉर्डिंगही त्यात चालतं. ते शक्य नसेल तर निदान प्रश्नावलीत ‘किती’सोबत ‘किती गंभीर’ हे वेगळं विचारा. आणि इंटर्नशिपच्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्यांच्या हाती ती प्रश्नावली देऊ नका. नाहीतर जी भीती मोजायची आहे, तिच्याच सावलीत उत्तरं लिहिली जातील.

हा पेपर वाचा, जरूर उद्धृत करा. फक्त ९७ टक्क्यांवर थांबू नका. न सांगितलेल्या गोष्टींचे प्रकार आणि कारणं जिथे आहेत तो भाग दोनदा वाचा. तुमचा संशोधन-प्रश्न तिथे सापडण्याची शक्यता जास्त आहे.