टांकसाळचिन्हांचें स्थान : पाठभेद कीं प्रमाद ?

नाणेसंग्राहकांच्या विक्रीयाद्यांत ‘चुकीचें नाणें’ हा शब्द अलीकडे फार सैलपणें वापरला जातो. टांकसाळीचें चिन्ह नेहमींच्या जागेवर दिसलें नाहीं, कीं तें नाणें ‘चूक’ म्हणून नोंदलें जातें आणि त्याची किंमत अवाच्या सवा सांगितली जाते. हा केवळ व्यापाराचा प्रश्न असता, तर त्यासाठीं या त्रैमासिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु नाणें कोठें पडलें हें ज्या खुणेवरून ठरतें, ती खूणच प्रमाद म्हणून बाजूस सारली, तर इतिहासाचा एक पुरावा नाहींसा होतो. म्हणून या वर्गीकरणाचें परीक्षण करणें अवश्य वाटतें.

उदाहरण जवळचेंच घेऊं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें गांधीबागेंत एका विक्रेत्याकडून १९८५ सालचा तांबें-निकेलचा एक रुपया ‘चौकट सरकलेला’ म्हणून बरीच रक्कम मोजून घेतला. मुंबई टांकसाळीची चौकट सालाच्या अंकांखालीं मधोमध असते. या रुपयावर ती पहिल्या अंकाखालीं होती. कारागिराचा हात चुकला, असा विक्रेत्याचा तर्क, आणि विद्यार्थ्यासही तो पटला. वस्तुतः हें नाणें मुंबईचें नव्हेच. त्या सुमारास नाण्यांची मागणी देशांतील टांकसाळींस पुरी करवेना, म्हणून सरकारनें परदेशांतून नाणीं पाडवून आणिलीं. पहिल्या अंकाखालील चौकट ही वेल्समधील लँट्रिसंट येथील टांकसाळीची खूण होय. त्याच सालच्या बर्मिंगहॅमच्या रुपयावर ‘एच्’ हें अक्षर आहे. येथें चिन्ह ढळलेलें नाहीं. चिन्हाची जागा हीच खूण आहे. रीतसर मागवून चलनांत आणलेल्या नाण्यास प्रमाद म्हणणें म्हणजे त्या नाणेटंचाईची साक्षच पुसून टाकणें होय.

ज्यांनीं पोथ्या ताडून पाहिल्या आहेत, त्यांस हा घोटाळा नवा नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. त्यांत पदोपदीं एकच प्रश्न सोडवावा लागला : हा पाठभेद, कीं लेखकाच्या हातचा दोष ? एकाच पोथींत आढळणारें स्खलन लेखकाचें असूं शकतें. परंतु एका शाखेच्या अनेक पोथ्यांत जें सारखें येतें, त्याचें मूळ त्यांच्या समान पूर्वजांत शोधावें लागतें. नाण्यांसही हाच न्याय लावावा. ठसा ही मूळ पोथी आणि नाणें ही तिची प्रत.

यावरून तीन वर्ग पडतात. जाणूनबुजून ठशांत केलेला फरक हा ‘भेद’. ठसा घडवितांना नकळत झालेली चूक, जसें एकच चिन्ह दोनदां उमटणें, ही ‘ठसादोष’. ती त्या ठशाच्या सर्व नाण्यांवर उतरते. चकती सरकणें, कडा तुटणें, ठशांत वंगण भरून अक्षर बुजणें हे ‘पाडतांनाचे दोष’. पूर्वीं जेथें चिन्ह प्रत्येक ठशावर हातानें ठोकीत, तेथें त्याची जागा ठशागणिक थोडी हलणारच; तो कारागिरीचा स्वभाव होय, दोष नव्हे. चलनांत झालेली झीज वा मुद्दाम केलेली कोरणी या तिन्ही वर्गांत बसत नाहीं.

सर्वांत फसवें प्रकरण चिन्ह नसण्याचें. कलकत्त्याच्या नाण्यांवर चिन्ह नसतें. व्याकरणांतील लोपाप्रमाणें तेथें अभाव हाच अर्थ सांगतो. पण मुंबईच्या ठशांतील चौकट वंगणानें बुजली, तर तें नाणेंही कलकत्त्याचेंच भासतें. अशा वेळीं शेजारचे अंक पुसट आहेत काय, हें पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

ठिपक्यासारखी क्षुद्र खूणही किती बोलते, हें १८६२ च्या रुपयावरून दिसतें. व्हिक्टोरिया राणीचा हा रुपया १८७३ पर्यंत तेंच साल घालून पाडला जात होता. मुंबईच्या रुपयांवर ठिपक्यांची संख्या बदलत जाते, आणि प्रिडमोर यांनीं तिचा संबंध नाणीं पाडण्याच्या खऱ्या वर्षांशीं जोडला. हे ठिपके कोणी ‘ठशाचे डाग’ म्हणून सोडून दिले असते, तर तो कालक्रम सुचलाच नसता.

आपल्या विदर्भांतील दाखला याहून बोलका आहे. १९३९ सालीं तऱ्हाळा येथें (तेव्हां अकोला जिल्हा, आतां वाशिम) सांपडलेल्या सुमारें १६०० सातवाहन नाण्यांवर लेख अर्धवटच उतरले आहेत, कारण चकती ठशापेक्षां लहान होती. एकेक नाणें पाहणारास तीं सदोषच वाटतील. म. म. वा. वि. मिराशी यांनीं त्यांचें वाचन केलें, आणि कुंभ, कर्ण व शक सातकर्णि हीं तोंवर नाण्यांवरून अज्ञात असलेलीं नांवें उजेडांत आलीं. हें फळ अनेक प्रती शेजारीं ठेवून पाहण्याचें आहे. एकाच नाण्यावर निकाल देणारास तें लाभत नाहीं.

खऱ्या दोषांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. टांकसाळींतील यंत्र व माणूस कसे चालत, हें त्यांवरून कळतें. आमचा आक्षेप अविचारानें नांव देण्यास आहे. संग्राहकांनीं साल, चिन्ह, तें कोणत्या अंकाखालीं आहे, आणि तसेंच दुसरें नाणें पाहिलें कीं नाहीं, या चार गोष्टी नोंदवाव्या. दुसरी प्रत मिळून ठसा निश्चित होईपर्यंत ‘स्थानभेद’ एवढेंच म्हणावें.

आमच्या विद्यार्थ्यानें तो रुपया परत केला नाहीं. पाकिटावरील ‘चूक’ हा शब्द खोडून त्यानें ‘लँट्रिसंट’ असें लिहिलें आहे. त्याचे पैसे अधिक गेले खरे. पण नाण्यास त्याचें गांव परत मिळालें.