तुमच्या सैनिकांचं गाव कोणतं?

‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात फासे पडण्याआधीच अर्धा खेळ झालेला असतो. बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक आणायचे, चिकटवायचे, रंगवायचे. ज्यांना नुसतं जिंकण्यात रस नसतो, ते पुढे जाऊन स्वतःची तुकडी रचतात. तिला नाव देतात, चिन्ह देतात आणि एक होमवर्ल्डही देतात. होमवर्ल्ड म्हणजे मायग्रह, सैनिक जिथून आले ती जागा.

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८७ साली आणलेल्या या खेळात त्यासाठी मुद्दाम जागा सोडलेली आहे. कथेतल्या साम्राज्यात दहा लाख ग्रह आहेत आणि त्यातले मोजकेच लिहून झालेत. तुमचा ग्रह कुठेही बसतो.

अडचण अशी, की बहुतेक जण हवामान निवडून थांबतात. बर्फाचा ग्रह, म्हणून अंगावर कातडी. वाळवंटाचा, म्हणून डोक्याला फडकं. ही सवय चाहत्यांना मूळ खेळानेच लावली. फेनरिस म्हणजे वायकिंग, चोगोरिस म्हणजे मंगोल, टॅलर्न म्हणजे अरब. एक ग्रह, एक ऋतू, एक पोशाख, एक स्वभाव. अमुक मातीतली माणसं जात्याच शूर, हे आपण आधी ऐकलेलं आहे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या सैन्यभरतीसाठी ‘लढाऊ जाती’ ठरवल्या, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नव्हता. गंमत म्हणून रचलेल्या ग्रहातही तो विचार अलगद शिरतो.

याच खेळात चांगले नमुनेही आहेत. क्रीगवर पाचशे वर्षं यादवी चालली, अण्वस्त्रांनी जमीन जळाली. तिथल्या रेजिमेंटी पूर्वजांच्या बंडाचं प्रायश्चित्त म्हणून मरायला जातात. त्यांच्या तोंडावरचा गॅस मास्क शोभेचा नाही. त्यांच्या ग्रहावर उघड्यावर श्वास घेता येत नाही. नॉक्टर्न ज्वालामुखींचा ग्रह आहे, पण तिथल्या सॅलमँडर्सची ओळख आगीवर संपत नाही. ते आपल्या लोकांत मिसळून राहतात, म्हणून रणांगणात सामान्य माणसाला वाचवणं त्यांना महत्त्वाचं वाटतं.

आणि केडिया. २०१७ साली कथानकात हा ग्रहच नष्ट झाला. लोकांच्या कपाटातले केडियन सैनिक होते तसेच राहिले. रंग तोच, बंदूक तीच. पण आता ते गाव नसलेल्यांचं सैन्य झालं होतं. एकही पुतळा न बदलता सगळ्या सैन्याचा अर्थ बदलला.

म्हणून ग्रह रचताना ‘तिथे काय आहे?’ यापेक्षा ‘तिथून काय नेलं जातं?’ हा प्रश्न जास्त कामाचा. साम्राज्य प्रत्येक ग्रहाकडून कर घेतं आणि पुष्कळदा तो माणसांच्या रूपात घेतं. कोणाची मुलं जातात? मागे राहिलेले त्यांच्याबद्दल काय बोलतात? परत कोणी येतं का? ग्रह नसणं हेही उत्तर असू शकतं. ब्लॅक टेम्पलर्सना मायग्रह नाही. ते जहाजांच्या ताफ्यातच राहतात आणि वाटेत लागणाऱ्या ग्रहांवरून भरती करतात.

एक साधी कसोटी लावून बघा. तुमच्या ग्रहावरच्या, कधीच न लढलेल्या एका माणसाबद्दल चार वाक्यं लिहा. ती जमली, तर रंगवायला बसा. नाही जमली, तर तुमच्याकडे अजून गणवेशच आहे.