तालीम आणि राष्ट्र

मंडळी, मघाशी बल्गेरियाचं नाव घेतलं तेव्हा काही जण हसले. सफाळ्यात बसून बल्गेरिया कशाला? सांगतो.

1878मध्ये तुर्की सत्तेतून सुटलेल्या या देशाने 1894मध्ये व्यायामशिक्षक आणले ते स्वित्झर्लंडहून. पुढे ‘युनाक’ नावाच्या व्यायामसंघांनी तिथल्या तरुणांना आपण बल्गेरियन आहोत हे कवायतीतून शिकवलं. 1896च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बल्गेरियातर्फे उतरलेला शार्ल शांपो हा शिक्षकसुद्धा स्विसच! उसनवारी उघड होती. तिने काही बिघडलं नाही.

आता आपल्या व्यायाममंडळांच्या स्मरणिका काढा. समर्थांनी मारुती स्थापले, तालमी निघाल्या, त्यातून राष्ट्र उभं राहिलं. गोष्ट अगदी सरळ. माझा आक्षेप आहे तो या सरळपणाला. अहो, ‘तालीम’ हा शब्दच अरबी. ‘कसरत’ही अरबी. ‘जोर’, ‘पैलवान’, ‘उस्ताद’ फारसीतून आलेले. बडोद्यात माणिकरावांनी नावारूपाला आणलेली संस्था आजही त्यांच्या उस्तादांच्या, जुम्मादादांच्या नावाने ओळखली जाते. एवढं सगळं एका ओळीत उरकायचं?

दुसरं असं, की नुसत्या तालमीने राष्ट्र होत नाही. मल्लखांबाचं श्रेय आपण पेशवाईतल्या बाळंभटदादा देवधरांना देतो, पण ती विद्या गुरूकडून शिष्याकडे जायची. पैलवान लढायचा तो आपल्या तालमीसाठी, आपल्या आश्रयदात्यासाठी. चापेकर बंधूंनी पुण्यात मुलं जमवून व्यायाम सुरू केला तेव्हा हेतू बदलला, हे खरं. पण तो मोजक्यांचा गट होता.

खरा बदल मला दिसतो तो अमरावतीत. 1914मध्ये वैद्य बंधूंनी काढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या नावातला ‘प्रसारक’ बघा. उस्तादाच्या मर्जीवरची विद्या वर्गात आली, तिचा अभ्यासक्रम झाला. एका हुकुमावर शंभर अनोळखी मुलं एकदम वाकतात, तेव्हा त्यांना आपण एक आहोत असं वाटू लागतं. ही युक्ती समर्थांची नव्हे, युरोपातली. 1811मध्ये यान नावाच्या शिक्षकाने बर्लिनच्या माळावर जर्मन पोरांसाठी तीच मांडली होती.

आणि 1936मध्ये मंडळाचा संघ मल्लखांब, हुतूतू दाखवायला गेला तोही बर्लिनलाच. तोवर तिथे ज्यू खेळाडूंना क्लबांतून काढून टाकलं होतं. आपण त्या दौऱ्याचा अभिमान सांगतो, जरूर सांगावा. पण यजमान कोण होता, हेही त्याच पानावर छापायला हवं.