गायरान, उपग्रह आणि शिक्का मारणारा हात

वस्तूला नाव देण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न दलित साहित्याने मराठी समीक्षेपुढे ठेवला, तेव्हा त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव उभा होता. ज्याच्या हाती नाव देणे असते, त्याच्याच हाती वाटणीही जाते. म्हणून कथा-कवितेइतकेच सातबाराचा उतारा, जातीचा दाखला, सरकारी निर्णय यांचेही वाचन आपल्याला आपल्या दृष्टीने करावे लागते. प्रस्तुत लेखात मी अशाच एका संहितेची समीक्षा करणार आहे. ती अवघ्या नऊ शब्दांची आहे. तिच्यात लेखकाचे नाव नाही, पात्र नाही, वाक्यसुद्धा नाही. तरीही तिच्यात एक संपूर्ण जगदृष्टी आहे, आणि ती दृष्टी आपल्या जमिनीपर्यंत येऊन पोहोचली आहे.

उपग्रहाने टिपलेल्या प्रतिमांवरून जंगल किती घटले, तळी कुठे आटली, शेती कुठे सरकली याचा हिशेब पर्यावरणाचे अभ्यासक मांडतात. आज हा हिशेब संगणक करतो. पण संगणकाला आधी शिकवावे लागते. असंख्य चौकोन माणसांनी डोळ्यांखालून घालून ‘हे पाणी’, ‘हे पीक’ असे शिक्के मारून द्यावे लागतात. ही माणसे इंटरनेटवरून गोळा केली जातात. काही प्रकल्पांत ती हौसेने विनामूल्य काम करतात, काहींत तुकड्यामागे मजुरी मिळते. ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने २००५ साली अशा मजुरीचा बाजार उघडला आणि त्याला ‘मेकॅनिकल टर्क’ असे नाव दिले. अठराव्या शतकात युरोपात बुद्धिबळ खेळणारे एक यंत्र याच नावाने गाजले होते. त्याच्या पेटीत प्रत्यक्षात एक माणूस लपलेला असे. माणूस लपवल्याशिवाय यंत्र हुशार दिसत नाही, याची कबुली या नावातच आहे. या बाजारातील मजुरीचा २०१८ साली अभ्यास झाला, तेव्हा मध्यम प्रतीची मिळकत ताशी सुमारे २ डॉलर निघाली. काम पसंत नाही म्हणून पैसे नाकारण्याचा अधिकार मालकाला, आणि नाकारलेले काम मात्र त्याच्याजवळच राहते.

आता त्या नऊ शब्दांकडे वळू. गूगल आणि वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट यांनी २०२२ साली ‘डायनॅमिक वर्ल्ड’ हा साऱ्या पृथ्वीचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी सुमारे २४ हजार प्रतिमा-तुकड्यांवर माणसांनी शिक्के मारले. शिक्के मारणाऱ्यांत २५ तज्ज्ञ होते आणि ४५ जण तज्ज्ञ नसलेले. बहुतेक तुकडे या दुसऱ्या गटाने हाताळले. शिक्के नऊ: पाणी, झाडे, गवत, पाण्यात उभी वनस्पती, पिके, झुडपे, बांधकाम, उघडी जमीन आणि बर्फ. बर्फाला या जगात जागा आहे. गायरानाला नाही.

मी नागपुरात मनीषनगरात राहतो. इथून बेशाकडे जाणाऱ्या पट्ट्यात एके काळी शेते होती, आज ले-आऊट आणि फ्लॅट स्कीम आहेत. नऊ शब्दांच्या भाषेत ‘पिके’ पुसले गेले आणि ‘बांधकाम’ लिहिले गेले, एवढीच ही कथा. फ्लॅट स्कीम आणि झोपडपट्टी यांचा रंग त्या नकाशात एकच. नकाशाचा सर्वांत लहान ठिपका १० मीटर लांब-रुंद, म्हणजे १०० चौरस मीटरचा. दोनशे चौरस फुटांची झोपडी त्याचा पाचवा हिस्सादेखील व्यापत नाही. ती शेजाऱ्याच्या रंगात विरघळते.

याच वस्तीत भाड्याच्या खोल्या घेऊन राहणारे, पदवी मिळवून नोकरीची वाट पाहणारे तरुण मोबाईलवर आणि लॅपटॉपवर असली कामे करतात. त्यांतला एक माझ्या परिचयाचा आहे. तो मराठवाड्यातला, त्याच्या आईवडिलांनी गायरान कसून त्याला शिकवले. त्याच्यासमोर मे महिन्यातील कोरडवाहू रानाची एक प्रतिमा आली. त्याने ‘पिके’ असा शिक्का मारला, कारण नांगरून, वखरून पावसाची वाट पाहणारे रान त्याला ओळखू आले. इतरांनी ‘उघडी जमीन’ म्हटले. अशा कामांत अनेकांची उत्तरे ताडून पाहतात आणि बहुमत ते खरे मानतात. त्याचे उत्तर चुकीचे ठरले, त्या तुकड्याचे पैसे बुडाले. दाद मागावी तर समोर कुणी नाही. मजुरांच्या ठिय्यावर निदान मुकादमाचा चेहरा तरी दिसतो.

हा प्रसंग पैशांच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. समीक्षेच्या दृष्टीने तो मध्यवर्ती आहे. ज्याला जमीन कळते त्याचे ज्ञानच इथे चूक म्हणून नोंदले जाते. दहा अनोळखी माणसांचे न जाणणे एकत्र केले की त्याला वस्तुनिष्ठता म्हणायचे आणि एकाच्या जाणण्याला गोंधळ म्हणायचे, हा न्याय आपल्याला नवा नाही. गावच्या पंचायतीत तो आपण पाहिलेला आहे.

यावर शास्त्रज्ञ म्हणतील, ‘आम्ही जमिनीवर काय दिसते तेवढेच सांगतो; ती कुणाची, कशासाठी, हे आमचे काम नव्हे.’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्यांच्यापुरता खराही आहे. परंतु दिसण्यापासून निवाड्यापर्यंतची वाट या देशात फार आखूड आहे. भारत सरकारने २००० साली पडीक जमिनींचा पहिला ॲटलास काढला. २०१९ च्या आवृत्तीत उपग्रह-प्रतिमांच्या आधारे देशातील ५ कोटी ५७ लाख हेक्टर, म्हणजे जवळपास १७ टक्के जमीन पडीक ठरली. तिचे २३ प्रकार केलेले आहेत. झुडपी जमीन त्यांत आहे आणि ‘निकृष्ट चराऊ कुरण’ही आहे. हे नकाशे १:५०,००० या प्रमाणाचे. या प्रमाणात एक एकराचा चौकोन कागदावर सव्वा मिलिमीटरचा होतो. दीड-दोन एकर गायरान कसणाऱ्या भूमिहीनाचे सारे आयुष्य पेन्सिलीच्या टोकाखाली झाकले जाते. आणि एकदा ‘पडीक’ म्हटले की ‘मोकळी’ म्हणणे सोपे, आणि मोकळी म्हटली की कुणालाही देणे सोपे.

या जमिनीसाठी आपण काय मोजले आहे ते आठवावे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारोंनी तुरुंग भरले. त्या रेट्यातून पुढे, १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरानावरील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ साली निघाला. तरीही असंख्य कसणाऱ्यांच्या नावावर आजही सातबारा नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानावरील सुमारे २ लाख २२ हजार अतिक्रमणांचा प्रश्न आला आणि खेड्यापाड्यांत नोटिसांची भीती पसरली. अशा वेळी आकाशातून घेतलेल्या प्रतिमेवर ‘पिके’ लिहिले आहे की ‘उघडी जमीन’, हा कुणाच्या तरी चुलीचा प्रश्न होतो.

वनजमिनीच्या बाबतीत हे भान कायद्याला आलेले आहे. वनहक्क कायद्याच्या २०१२ सालच्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले की, उपग्रह-प्रतिमा इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ती घेऊ शकत नाही. आदिवासींनी लढून हे वाक्य मिळवले. गायरान ही महसुली जमीन असल्याने हे संरक्षण तिला लागू होत नाही.

इथे एक जुनी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. शीव कुठून जाते, दगड कुठे पुरला आहे, ओढा कोणत्या साली सरकला, हे त्याला ठाऊक असे. साऱ्या गावाची जमीन त्याने दाखवायची, आणि त्याने राहायचे गावकुसाबाहेर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनी कामाच्या कायद्यात सुधारणेचे विधेयक मांडले, ते या वेठीविरुद्ध. श्रमाचे वाटप आणि श्रमिकांची उतरंड यांतला फरकही त्यांनी १९३६ साली दाखवून दिला. आजची रचना त्या कसोटीवर घासून पाहावी. नकाशाखाली संशोधकाचे नाव, संस्थेचे नाव, उपग्रहाचेही नाव. शिक्का मारणाऱ्यांची फक्त संख्या. पूर्वीच्या साक्षीदाराला निदान स्वतःच्या गावची शीव दाखवायची असे, त्याच्या शब्दाला वजन होते. आजच्याला तेही नाही.

म्हणून उपग्रह नकोच, असे म्हणणे मला मान्य नाही. ते अज्ञानाचे गौरवीकरण होईल. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण आशियातील वीटभट्ट्या उपग्रह-प्रतिमांवरून मोजल्या, स्वयंसेवकांचीही मदत घेतली, आणि २०१८ साली ५५,३८७ भट्ट्यांचा अंदाज मांडला. भट्टीवर उचल घेऊन अडकलेला मजूर कुठे असू शकतो, हे शोधणे हा त्यांचा हेतू होता. तंत्र तेच, डोळे तसेच. प्रश्न मात्र मजुराच्या बाजूने विचारलेला. आपल्या माणसांत कुवत नाही असेही नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पालघरच्या आमले गावात आणि धारावीच्या कुंभारवाड्यात मोबाईलवर मराठी वाचनाचे काम दिले, तेव्हा ते विद्यार्थ्यांच्या तोडीचे उतरले. हा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काम मराठीत दिले गेले, हे त्यातले महत्त्वाचे.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शिक्का मारणाऱ्याला तासाच्या हिशेबाने किमान वेतन मिळावे. काम नाकारले तर कारण सांगावे आणि दाद मागण्याची सोय असावी. शिक्क्यांची यादी मराठीत असावी, तिच्यात गायरान, पड, माळ, वखरलेले रान यांना जागा असावी. बहुमताशी न जुळणारे उत्तर फेकून न देता त्या गावी जाऊन पडताळावे. आणि कोणत्याही जमिनीला पडीक म्हणण्यापूर्वी ती कसणाऱ्याला विचारावे.

यांतले शेवटचे काम सुरू करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. या नागपुरातच महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्था आहे. गावोगावचे आपले शिक्षक आणि विद्यार्थी यांनी आपल्या गायरानाचे गट नंबर, कसणाऱ्यांची नावे, पेरणीचे महिने आणि पिके वर्षभर लिहून ठेवावीत, ग्रामसभेत वाचावीत आणि नकाशे करणाऱ्यांपुढे ठेवावीत. पावसाळ्यातले हिरवे रान आणि मे महिन्यातले काळे रान एकच आहे, हे सांगणारा लेखी पुरावा नोटीस येण्याआधी तयार असला पाहिजे.