तारणाची हानी आणि पालि वाङ्मयातील परिहानिविचार

एकदा लाभलेले तारण श्रद्धावान ख्रिस्ती मनुष्य पुन्हा गमावू शकतो काय, हा ख्रिस्ती धर्मपंडितांमधील जुना वाद आहे. आम्हां बौद्धांना या वादाशी काय कर्तव्य, असे काही वाचकांना वाटेल. परंतु हाच प्रश्न निराळ्या शब्दांत पालि वाङ्मयातही उपस्थित झालेला आहे. दोन्ही परंपरांची उत्तरे शेजारी ठेवून पाहिली असता आपल्याही एका गैरसमजाचे निरसन होते, म्हणून हा प्रपंच.

वादाचे मूळ ख्रिस्ती धर्मग्रंथातच आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मेंढरांविषयी सांगतो की, त्यांना त्याच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. उलट, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश लाभून जे पतित झाले त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा कडक इशारा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1547 साली कॅथलिक पंथाचा निर्णय दिला तो असा : केवळ अश्रद्धेनेच नव्हे, तर कोणत्याही प्राणघातक पापाने कृपा नष्ट होते, मात्र प्रायश्चित्तसंस्काराने ती परत मिळविता येते. हॉलंडमध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610 साली जी पाच कलमे मांडली, त्यांत हा प्रश्न अधिक विचारासाठी खुला ठेवला होता. डॉर्ट येथील 1618-19 च्या परिषदेने तो बंद केला. ईश्वराने ज्यांना निवडले ते दावीद व पेत्र यांच्याप्रमाणे गंभीर पापात पडतील, परंतु अखेरचे पतन त्यांना नाही, असे तिने ठरविले. विरुद्ध मताच्या सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना आपली पदे गमवावी लागली. पुढे जॉन वेस्लीने 1751 साली याच प्रश्नावर पुस्तिका लिहून पतन शक्य असल्याचे प्रतिपादिले.

डॉर्टच्या सिद्धान्ताला 'पाप करण्याचा परवाना' म्हणून हिणविणे सोपे आहे. आमच्या मते ते अन्यायाचे होईल. भयग्रस्त मनाला धीर देणे हा त्याचा हेतू होता आणि सदाचाराची अपेक्षा त्याने सोडलेली नाही. त्याची खरी दुर्बलता तर्कात आहे. जन्मभर श्रद्धेने वागलेला मनुष्य शेवटी श्रद्धा टाकतो, तेव्हा या मताचे लोक म्हणतात, त्याला तारण कधी लाभलेच नव्हते. योहानाच्या पहिल्या पत्राचा आधारही ते देतात. मग आज श्रद्धावान असलेल्याने आपले तारण खरे आहे हे ओळखावे कसे? जे उत्तर प्रत्येक प्रतिकूल उदाहरणाला आधीच बाद ठरविते, ते खोटे पाडता येत नाही, आणि म्हणूनच त्याने कोणाची खात्रीही पटत नाही.

आता पालि वाङ्मयाकडे वळू. स्रोतापन्न हा 'अविनिपातधम्म' म्हणजे दुर्गतीस न जाणारा आणि 'नियत' होय. वरवर हे डॉर्टच्या सिद्धान्तासारखेच भासते. भेद आहे तो कारणात. तेथे निश्चिती देणाऱ्याच्या संकल्पात आहे. येथे सत्कायदृष्टी, विचिकित्सा व शीलव्रतपरामर्श ही तीन संयोजने तुटली, हे तिचे कारण आहे. हेतू उरला नाही म्हणून फळ नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात तथागतांना मोक्षदाता न म्हणता मार्गदाता म्हटले, त्याचे मर्म येथे आहे. कसोटीही साधकाच्याच हाती आहे. महापरिनिब्बानसुत्तात नादिका येथे तथागतांनी आनंदाला जो 'धम्मादास' म्हणजे धम्माचा आरसा सांगितला, त्यात बुद्ध, धम्म व संघ यांवरील अढळ प्रसादासोबत अखंड शीलही आहे.

तथापि आपली परंपरा अडचणीतून सर्वस्वी मुक्त आहे, असा आव आम्ही आणणार नाही. संयुत्तनिकायातील सरकानि शाक्य मद्यपान करीत असे. त्याच्या मृत्यूनंतर तथागतांनी त्याला स्रोतापन्न म्हटले, तेव्हा शाक्यांनी कुरकुर केली : मग येथे स्रोतापन्न होणार नाही असा कोण? मरणसमयी त्याने शिक्षा स्वीकारली होती, हे तेथील उत्तर. शाक्यांची शंका मात्र क्षुल्लक नव्हती. कथावत्थूतील परिहानिकथेत तर अर्हतही अर्हत्त्वापासून च्युत होतो काय, यावर वाद आहे. थेरवादाने 'नाही' म्हटले. अट्ठकथेनुसार सब्बत्थिवादी, सम्मितीय आदींचे मत वेगळे होते. म्हणजे हा प्रश्न आपल्याही आचार्यांनी टाळला नाही.

आता मूळ मुद्दा. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेने, आणि त्यानंतर घराघरांत घेतलेल्या दीक्षेने, आपण कायमचे सुरक्षित झालो, अशी एक समजूत आपल्यात नकळत रुजत आहे. मराठीत 'तारण' म्हणजे उद्धार, तसेच कर्जासाठी ठेवलेली हमीही. दीक्षेकडे अशी हमी म्हणून पाहणे हा आमच्या मते डॉर्टचाच सिद्धान्त, आणि तोही त्याच्या नैतिक गांभीर्यावाचून. शरणगमन म्हणजे स्रोतापत्ती नव्हे. बावीस प्रतिज्ञा हा मार्गाचा आरंभ आहे आणि आरंभ केलेला मार्ग सुटू शकतो.

तो कसा सुटतो हे अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातात सांगितले आहे. ज्याची विमुक्ती तात्कालिक आहे अशा भिक्षूच्या परिहानीची कारणे पाच : कामाच्या धबडग्यात रमणे, बोलण्यात रमणे, निद्रेत रमणे, लोकांच्या गर्दीत रमणे, आणि आपले चित्त कितपत मुक्त झाले याचे प्रत्यवेक्षण न करणे. भिक्षूंना उद्देशून सांगितलेली ही यादी जयंतीचा मंडप, भाषणे आणि वर्गणी यांत गुंतलेल्या आम्हां उपासकांनाही नेमकी लागू पडते. पहिली चार कारणे एखाद्या वेळी अपरिहार्य म्हणता येतील. पाचव्याला मात्र सबब नाही. ख्रिस्ती पंडितांचा वाद आपण बाहेरून पाहतो खरा, परंतु 'गमावता येते काय?' हा प्रश्न प्रत्येक उपोसथाला आपण स्वतःस विचारला पाहिजे.